बंधन कुणाच्या हितासाठी?
मृत्युपत्र आणि पालकत्व यांविषयी इस्लामी न्यायशास्त्रातील मतभेद

(हिंगोली जिल्ह्यातील एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, वाचकांसाठी)



कायदा माणसाला दोन गोष्टी देतो. एक हक्क आणि दुसरी बंधन. हक्कांविषयी आपण पुष्कळ बोलतो, आणि ते योग्यच आहे. ज्यांना शतकानुशतके हक्क नाकारले गेले त्यांनी हक्कांविषयी बोलायचे नाही तर कुणी बोलायचे? परंतु बंधनांची चिकित्सा आपण फारशी करीत नाही. एखाद्या माणसाला त्याच्याच मालमत्तेविषयी व्यवहार करण्यास कायदा मनाई करतो, तेव्हा ती मनाई कुणाच्या हितासाठी असते? त्या माणसाच्या? त्याच्या वारसांच्या? की त्याच्यावर सत्ता चालवू इच्छिणाऱ्या तिसऱ्याच कुणाच्या? हा प्रश्न इस्लामी न्यायशास्त्राच्या पंडितांनी बाराशे वर्षांपूर्वी जितक्या बारकाईने चर्चिला, तितका फार थोड्या ठिकाणी चर्चिला गेला असेल. म्हणून आज मृत्युपत्र व पालकत्व या दोन विषयांत त्यांनी काय युक्तिवाद केले ते आपणांसमोर ठेवावयाचे आहे.

हा विषय परक्यांचा आहे असे कुणी समजू नये. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात होता. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव या पाचही तालुक्यांत मुसलमान बांधव आपले शेजारी आहेत. त्यांच्या घरातील विधवेला आणि अनाथ मुलाला जो प्रश्न पडतो, तो आपल्या वस्तीतील विधवेलाही पडतो. उत्तर मात्र वेगवेगळ्या कायद्यांत शोधावे लागते.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगतो. सुन्नी मुसलमानांत न्यायशास्त्राचे चार पंथ आहेत. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांचा हनफी, इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांचा मालिकी, इमाम शाफई (मृत्यू ८२०) यांचा शाफई आणि इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू ८५५) यांचा हंबली. शियांचा प्रमुख पंथ जाफरी. मराठवाड्यातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत. कोकणी मुसलमान शाफई आहेत. मुंबईच्या बोहरा व खोजा समाजांत शिया परंपरा आहे. म्हणजे एकाच महाराष्ट्रात, एकाच धर्माच्या माणसांना, एकाच प्रश्नावर निरनिराळी उत्तरे मिळू शकतात.

१९३७ च्या शरियत अधिनियमाने वारसा, पालकत्व इत्यादी बाबतींत मुसलमानांना त्यांचा धार्मिक कायदा लागू केला. परंतु शेतजमिनीचा प्रश्न त्यातून वगळला, आणि मृत्युपत्राची बाब ज्याने तसे प्रतिज्ञापत्र केले असेल त्याच्यापुरती ठेवली. पूर्वीच्या हैदराबादसारख्या राज्यांच्या मुलखाला हा अधिनियम १९५९ च्या विस्तार कायद्याने लागू झाला. त्यापूर्वीची स्थिती काय होती? २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, १९३७ पर्यंत मुंबई, मध्य प्रांत, संयुक्त प्रांत यांसारख्या भागांत मुसलमानांच्या वारसाला बऱ्याच अंशी हिंदू कायदाच लागू होता. वैयक्तिक कायदा हा आकाशातून जसाच्या तसा उतरलेला नसतो, त्याला इतिहास असतो, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इस्लामी न्यायशास्त्रात 'हज्र' नावाचे एक प्रकरण आहे. हज्र म्हणजे व्यवहारबंदी. अज्ञान मूल, वेडा मनुष्य आणि 'सफीह' म्हणजे उधळ्या मनुष्य, यांच्या व्यवहारांवर बंदी घालण्याचा हा विचार आहे. त्याचा आधार कुराणाच्या निसा नामक सुरेतील पाचव्या व सहाव्या आयतीत आहे. तेथे सांगितलेल्या गोष्टींचा भावार्थ असा: असमंजसांच्या हाती संपत्ती सोपवू नका, परंतु त्यांच्या अन्नवस्त्राची सोय करा, अनाथांची परीक्षा घ्या, आणि त्यांना समज आलेली दिसली की त्यांची संपत्ती त्यांना परत करा. म्हणजे बंधनाबरोबरच बंधन उठविण्याची अटही तेथेच सांगितली आहे.

ही समज म्हणजे काय? हनफी, मालिकी व हंबली पंडित म्हणतात, पैशाचा व्यवहार नीट सांभाळता येणे म्हणजे समज. शाफई म्हणतात, तेवढ्याने भागत नाही. मनुष्य धर्माचरणातही नीट असला पाहिजे. हा फरक लहान वाटेल, पण लहान नाही. नागरी पात्रतेला धार्मिक आचरणाची अट जोडावी की नाही, हा तो प्रश्न आहे. तीन पंथांनी ती अट नाकारली.

लहान मूल व वेडा यांच्याविषयी फारसा मतभेद नाही. खरा वाद आहे तो उधळ्या माणसाविषयी. मनुष्य वयात आला आहे, शहाणा आहे, पण पैसा उडवितो. त्याच्यावर बंदी घालावी काय? इमाम अबू हनीफा म्हणतात, घालू नये. त्यांचा युक्तिवाद हनफी पंथाच्या 'हिदाया' या ग्रंथात दिला आहे. बाराव्या शतकातील मर्गीनानी यांच्या या ग्रंथाचे चार्ल्स हॅमिल्टन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १७९१ साली प्रसिद्ध झाले आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत ते वापरले जात असे. अबू हनीफांच्या म्हणण्याचा आशय असा की, शहाण्या प्रौढ माणसाच्या शब्दाला कायद्यात किंमत ठेवायची नाही, म्हणजे त्याचे माणूसपण नष्ट करून त्याला जनावराच्या पंक्तीला बसविणे होय. पैसा गेला तर ते नुकसान खरे, पण माणूसपण जाणे हे त्याहून मोठे नुकसान आहे. लहान नुकसान टाळण्यासाठी मोठे नुकसान पत्करू नये.

वाचकहो, हा युक्तिवाद पुन्हा एकदा वाचा. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या मालमत्तेहून मोठी आहे, हे तत्त्व आठव्या शतकातील एका कायदेपंडिताने उधळ्या माणसाच्या बाबतीतसुद्धा सोडले नाही.

अर्थात त्यांनीही एक सवलत ठेवली. वयात येऊनही समज दिसली नाही तर तरुणाची मालमत्ता पंचवीस वर्षांपर्यंत त्याच्या हाती देऊ नये. पंचवीसच का? कारण मुलगा लवकरात लवकर बाराव्या वर्षी वयात येतो, आणि कमीत कमी गर्भकाळ सहा महिन्यांचा धरला, तर पंचविसाव्या वर्षी तो आजोबा होऊ शकतो. आजोबा होण्याच्या वयाच्या माणसाला कुणी शिकवावयाचे? या हिशेबाची आपणांस गंमत वाटेल. पण पात्रता रोखून धरण्यालाही शेवट असला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. शिवाय अबू हनीफांनी तीन माणसांवर मात्र बंदी मान्य केली: लोकांना पळवाटा शिकविणारा निर्लज्ज मुफ्ती, अडाणी वैद्य, आणि भाडे घेऊन जनावर न पुरविणारा दिवाळखोर भाडेकरी. कारण हे तिघे स्वतःचे नव्हे, तर इतरांचे नुकसान करतात.

त्यांचेच दोन शिष्य, अबू यूसुफ (मृत्यू ७९८) आणि मुहम्मद शैबानी (मृत्यू ८०५), गुरूंशी सहमत नव्हते. ते म्हणाले, उधळ्या माणसावरील बंदी त्याच्याच भल्यासाठी आहे. मुलाला जपतो तसे त्यालाही जपावे. मालिक, शाफई व अहमद यांचाही कल हाच. पण या दोन शिष्यांतही एक फरक पडला. मुहम्मद म्हणतात, उधळपट्टी सिद्ध असली की बंदी आपोआप लागू होते. अबू यूसुफ म्हणतात, नाही; न्यायाधीशाने तसा हुकूम दिल्यावाचून बंदी नाही, आणि हुकूमावाचून ती उठतही नाही. अबू यूसुफ स्वतः बगदादचे मुख्य काजी होते. कुणाचा हक्क काढून घ्यावयाचा तर न्यायाधीशासमोर चौकशी व्हावी, हा त्यांचा आग्रह आजच्या कोणत्याही वकिलाला आपलासा वाटावा.

आता मृत्युपत्र. इस्लामी कायद्यात मृताच्या मालमत्तेतून प्रथम अंत्यविधीचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्रातील देणगी, आणि उरलेले वारसांना. देणगीची मर्यादा एकतृतीयांश. या मर्यादेचे मूळ साद बिन अबी वक्कास यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. आजारी सादांनी आपली बहुतेक संपत्ती दान करण्याची परवानगी मागितली. पैगंबरांनी एकतृतीयांशावर थांबविले आणि तेही पुष्कळ झाले असे म्हटले, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरावयास लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे चांगले. हे बंधन मृत्युपत्र करणाऱ्याच्या हिताचे नाही. मागे राहणाऱ्यांच्या हिताचे आहे.

म्हणूनच मागे राहणारा कुणी नसेल तर काय, यावर मतभेद झाला. हनफी म्हणतात, वारसच नसेल तर बंधनाचे कारण संपले. सर्व मालमत्ता मृत्युपत्राने देता येईल. शाफई व मालिकी म्हणतात, वारस नसला तरी मुस्लिम समाज वारसाच्या जागी आहे, मर्यादा कायम. तसेच वारसालाच मृत्युपत्राने जादा वाटा देण्याबाबत. हनफी कायद्यात इतर वारसांची संमती हवी, आणि तीही मृत्यूनंतरची. कारण बाप जिवंत असताना मुलाने दिलेली संमती बापाच्या दबावाखाली असू शकते. मालिकी पंथ मरणाच्या आजारातील संमती ग्राह्य धरतो. जाफरी पंथात एकतृतीयांशाच्या आत वारसाला देण्यास संमती लागतच नाही. हनफींचा भर वारसांत कलह न माजण्यावर आहे, जाफरींचा भर बापाच्या विवेकावर.

आता हे दोन प्रवाह जेथे एकत्र येतात ती जागा पाहा. उधळ्या माणसावर बंदी आहे; त्याने मृत्युपत्र केले तर चालेल काय? बंदी मानणारे पंथही म्हणतात, सत्कार्यासाठी, एकतृतीयांशाच्या आत असेल तर चालेल. का? कारण बंदी त्याला जिवंतपणी दरिद्री होण्यापासून वाचविण्यासाठी होती. मृत्युपत्र मृत्यूनंतर अंमलात येते. जिवंतपणी त्याची कवडीही कमी होत नाही. आणि मन बदलले तर तो ते रद्दही करू शकतो. ज्या हानीसाठी बंधन घातले ती हानीच नाही, तर बंधनही नाही. हाच युक्तिवाद पुढे नेऊन मालिकी, हंबली व जाफरी पंडितांनी समज असलेल्या सुमारे दहा वर्षांच्या मुलाचे मृत्युपत्रही ग्राह्य मानले. हनफी ते मानीत नाहीत. शाफईंतही प्रबळ मत विरुद्धच आहे. ते म्हणतात, मृत्युपत्र ही मोबदल्यावाचून दिलेली देणगी आहे, आणि मुलाच्या शब्दाने अशी देणगी होऊ शकत नाही. भारतात आज हा वाद उरलेला नाही. १८७५ च्या सज्ञानता अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्रासाठी अठरा वर्षे पूर्ण लागतात. परंतु वादातून निघालेले तत्त्व जुने झालेले नाही: बंधन त्याच्या कारणाइतकेच लांब असावे, त्याहून एक बोटही लांब नको.

या कसोटीवर स्त्रीविषयीची बंधने घासून पाहा. मालिकी पंथात विवाहितेने पतीच्या संमतीवाचून आपल्या संपत्तीच्या एकतृतीयांशाहून अधिक दान करू नये असा नियम आहे. कुणाच्या हितासाठी? उघडच पतीच्या. हनफी व शाफई पंथांनी तो मानला नाही. सज्ञान, समंजस स्त्री पुरुषाइतकीच आपल्या संपत्तीची मालकीण आहे असे त्यांनी म्हटले. इंग्लंडमध्ये विवाहितेला आपल्या संपत्तीवर असा पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे हिंदू विधवेची मर्यादित मालकी पूर्ण मालकीत बदलली ती १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने. आणि हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांना काय सोसावे लागले हे येथे सांगण्याची गरज नाही.

पण जेथे स्त्रीला स्वतःच्या संपत्तीचे स्वातंत्र्य दिले, तेथेच तिच्या मुलांच्या संपत्तीचे पालकत्व मात्र तिला नाकारले. हनफी क्रम असा: बाप, बापाने मृत्युपत्राने नेमलेला वसी, मग आजोबा, मग आजोबाने नेमलेला वसी, कुणीच नसेल तर न्यायालय. शाफई पंथात बापानंतर थेट आजोबा, वसी त्याच्यामागून. मालिकी व हंबली आजोबाला हा अधिकार देतच नाहीत. बाप, त्याचा वसी, मग काजी. आईचे नाव कोणत्याही यादीत नाही. तिला मुलाचा सांभाळ करण्याचा हक्क आहे, मुलाच्या मालमत्तेचा नाही. शाफई पंडितांत इस्तख्री नावाच्या एका विद्वानाने मात्र म्हटले की, बाप व आजोबा यांच्यानंतर आई पालक व्हावी, कारण तीही दोन जन्मदात्यांपैकी एक आहे. ते मत एकाकी राहिले. पण ते त्याच परंपरेच्या आतून उठले होते हे विसरू नये.

याचा व्यवहारात परिणाम काय होतो? १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात निकाल दिला. एका विधवेने स्वतःच्या व आपल्या अज्ञान मुलांच्या वतीने मालमत्तेतील हिस्सा विकला होता. न्यायमूर्ती अमीर अली यांनी निर्णय दिला की, आईला मुलांचा हिस्सा विकण्याचा अधिकारच नव्हता. तेवढ्यापुरती विक्री मुलांवर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली आणि पुढे १९९६ सालीही हीच भूमिका कायम ठेवली.

आपल्याकडील दप्तर पाहणाऱ्यांना 'अ.पा.क.' ही तीन अक्षरे परिचित आहेत. मृताच्या वारसांची नोंद होते तेव्हा अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे लिहिले जाते. ती नोंद पाहून खरेदीदार पैसे देतो, आई अंगठा उठविते, आणि दहा वर्षांनी मुलगा सज्ञान होऊन दावा लावतो. नोंदीने पालकत्वाचा अधिकार निर्माण होत नाही. शेतजमिनीला तर आणखी निराळे कायदे लागतात. म्हणून घर असो, दुकान असो की रान असो, केवळ ती तीन अक्षरे पाहून व्यवहार करू नये.

मग विधवेने करावे काय? १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून स्वतःला मालमत्तेची पालक नेमून घ्यावे. त्यानंतरही स्थावर विकण्यास न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्य आहे. कारण तेथे बंधन मुलाच्या हिताचे आहे. पण त्याहून सोपा उपाय पतीच्या हातात आहे. ज्या कायद्याने आईला पालक केले नाही, त्याच कायद्याने बापाला मृत्युपत्राने हवा तो वसी नेमण्याची मुभा दिली, आणि स्त्री वसी होऊ शकते हे हनफींनाही मान्य आहे. खलिफा उमर यांनी आपल्या वक्फाची व्यवस्था मुलगी हफ्सा हिच्याकडे सोपविली होती. म्हणजे पतीने एक ओळ लिहिली, की माझ्या अज्ञान मुलांच्या मालमत्तेची वसी माझी पत्नी राहील, तर विधवा आजोबा-चुलत्यांच्या दारात उभी राहण्यापासून वाचते. मुसलमानाचे मृत्युपत्र तोंडीही चालते. तथापि तोंडी शब्द सिद्ध करणे किती कठीण असते हे न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्यालाच कळते. ते लिहावे, साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, जमल्यास नोंदवावे.

तसाच दुसरा प्रश्न अनाथ नातवाचा. आजोबाच्या आधी बाप वारला आणि चुलता हयात असला, तर सुन्नी कायद्याप्रमाणे नातवाला आजोबाच्या मालमत्तेत वारसा नाही. इजिप्तने १९४६ च्या कायद्याने अशा नातवासाठी एकतृतीयांशाच्या मर्यादेत सक्तीचे मृत्युपत्र गृहीत धरले. पाकिस्तानने १९६१ साली नातवाला बापाच्या जागी उभे केले. भारतात तसा कायदा नाही. परंतु नातू वारस नाही, म्हणूनच त्याला मृत्युपत्राने देण्यास इतरांची संमती लागत नाही. कर्ज फिटून नऊ लाखांची मालमत्ता उरत असेल, तर आजोबा तीन लाखांपर्यंत नातवाच्या नावे लिहून ठेवू शकतात. चुलत्याला ते अडविता येत नाही. जे दार वारशाने बंद केले ते मृत्युपत्राने उघडता येते. हीच गोष्ट धर्मांतरितांची. भिन्नधर्मीयाला वारसा नाही असे जुने शास्त्र सांगते, तरी त्याला मृत्युपत्राने देणगी देण्यास हनफी, शाफई व हंबली पंथांची हरकत नाही. आणि भारतात १८५० च्या २१ व्या अधिनियमाखाली धर्म बदलल्यामुळे माणसाचा वारसाहक्क जात नसे.

वाचकहो, आतापर्यंत शेजाऱ्याचे घर पाहिले. आता आपले पाहू. आपण बौद्ध झालो तरी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम आणि त्याच वर्षाचा अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आपणांस लागू आहेत. त्या कायद्यांच्या व्याख्येत बौद्धांचा समावेश आहे. पालकत्वात आपली स्त्री सुस्थितीत आहे: बापामागे आई नैसर्गिक पालक आहे, १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, बाप हयात असूनही प्रत्यक्षात जबाबदारी घेत नसेल तर आई पालक ठरू शकते, असा अर्थ लावला. कलम ९ प्रमाणे बापाने मृत्युपत्राने दुसरा पालक नेमला तरी आई हयात असेपर्यंत ती नेमणूक निष्प्रभ राहते.

पण मृत्युपत्राचे काय? उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे आपल्यातील मनुष्य आपल्या वाट्याची सर्वच्या सर्व मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. एकतृतीयांशाची मर्यादा नाही. कायद्याने मुलीला मुलाइतका वाटा दिला. बापाच्या एका कागदाने तो नाहीसा होऊ शकतो. ज्या घरात मृत्युपत्र होत नाही, तेथे बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले जाते. साडीचोळी पुढे ठेवतात, कागद पुढे सरकवितात, आणि माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. शेजाऱ्याच्या कायद्यात आई पालक नाही म्हणून आपण नाक मुरडावे, तर आपल्या कायद्यात मेलेल्या बापाचा हात मुलीच्या ताटापर्यंत पोचतो, त्याला अडविणारे काही नाही. हनफी शास्त्राने वारसाची संमती बापाच्या मृत्यूनंतरची मागितली, दबावाचा संशय धरून. आपल्या बहिणीच्या हक्कसोडपत्रावर तसा संशय कुणी धरतो काय?

एकाचा कायदा चांगला आणि दुसऱ्याचा वाईट असे ठरविण्यासाठी मी हे लिहिले नाही. प्रत्येक कायद्यात काही बंधने दुर्बळाला जपण्यासाठी आहेत आणि काही बलवानाला सोयीची आहेत. ती ओळखण्याची कसोटी अबू हनीफा व त्यांच्या शिष्यांच्या वादात आपणांस मिळते. बंधन दिसले की तीन प्रश्न विचारा. हे कुणाच्या हितासाठी? ज्या हानीसाठी घातले ती हानी प्रत्यक्षात आहे काय? आणि बंधन घालण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे कुणी ऐकून घेतले काय? या तीन प्रश्नांची उत्तरे जे बंधन देऊ शकत नाही, ते कितीही जुन्या ग्रंथात असो वा कितीही नव्या कायद्यात असो, ते बदलण्याची मागणी करण्याचा आपणांस हक्क आहे. भारतीय संविधानाने तो दिला आहे.

तोपर्यंत जे आज हातात आहे ते करा. घरात अज्ञान मुले असतील तर मृत्युपत्र लिहा. मुसलमान शेजारी असेल तर पत्नीला वसी नेमण्याचा आणि अनाथ नातवासाठी तरतूद करण्याचा मार्ग त्याला सांगा. आपल्या घरी मृत्युपत्र करताना मुलीचे नाव गळाले नाही ना, हे पाहा. आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्यापूर्वी तिला एकच विचारा: हे तू कुणाच्या हितासाठी सोडतेस? ती जे उत्तर देईल ते शेवटपर्यंत ऐका, कागद त्यानंतर.